ग्युम्रीत ड्रम घुमला तेव्हा
आर्मेनियातल्या आमच्या ग्युम्री शहरात आम्हा तिघांचा बँड आहे: मेस्रोप पियानो वाजवतो, तातुल ड्रम आणि मी बास गिटार. लहानपणी भूकंपात मेस्रोप शाळेच्या ढिगाऱ्याखाली अडकला होता. तेव्हापासून खोल घरघर ऐकली की त्याचे हातपाय गार पडतात.

परवा कार्यक्रमात नांगरणीचं जुनं गाणं जाझच्या चालीत छान रंगलं होतं. तेवढ्यात तातुलने भान विसरून मोठा ड्रम घुमवला. टेबलांवरचे पेले थरथरले. मेस्रोपची बोटं थिजली. पुढे बसलेल्या, तोच भूकंप सोसलेल्या दोन म्हाताऱ्या दाराकडे धावल्या.

“अरे बाबा, ड्रम आहे तो! वाजव!” मी ओरडलो.

“आधी दार उघड,” मेस्रोप पुटपुटला.

मी दार सताड उघडलं. बर्फाळ वारा आत घुसला. दारावरची नजर न काढता, घामाघूम होऊन त्याने गाणं पुरं केलं. म्हाताऱ्यांनी ते उंबऱ्यात उभ्यानेच ऐकलं.