बावीस डॉलरचा दिवस

"माँटेव्हिडिओत बावीस डॉलरमध्ये दिवस निघतो," पराग म्हणाला, "आणि तू पासष्ट मागतेयस."

पराग माझा बॉस. माँटेव्हिडिओ ज्याची राजधानी, त्या उरुग्वेला तो कधी गेला नव्हता. मीही नाही. पण बजेट करणं माझं काम होतं आणि कसंही जुळवलं तरी आकडा पासष्टच्या खाली येत नव्हता.

मी अमेरिकेत, टेक्सासच्या अर्विंगमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ट्रॅव्हल डेस्क सांभाळते. कुणाला क्लायंटकडे पाठवायचं असलं की विमान, हॉटेल आणि पर डिएम मी ठरवते. पर डिएम म्हणजे जेवणखाण आणि किरकोळ खर्चासाठी रोजची ठरावीक रक्कम. बिलं द्यावी लागत नाहीत. उरलं ते तुमचं. आपल्या लोकांना हा शेवटचा नियम फार लवकर पाठ होतो. मला नावं ठेवायला जागा नाही; माझ्या घरातला सोफा शिकागोत सहा आठवडे खाल्लेल्या डाळभातातून आलेला आहे.

दक्षिण अमेरिका म्हटलं की सगळं स्वस्त, असा एक समज असतो. उरुग्वे त्यात बसत नाही. साधं दुपारचं जेवण अठरा-वीस डॉलर, कॉफी पाच. पण परागच्या स्क्रीनवर श्रीकांतची एक्सेल शीट उघडी होती. श्रीकांत आमच्याच ऑफिसातला इंजिनिअर, मूळचा पुण्याचा, तिशीतला. नुकताच तीन आठवडे माँटेव्हिडिओत राहून आला होता. आल्या आल्या त्याने रोजच्या खर्चाची शीट ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. रंगीत, ग्राफसकट. सरासरी बावीस डॉलर. खाली पंचवीस अंगठे आणि 'लेजंड यार!'

"तुझ्याकडे इंटरनेटवरचे भाव आहेत, त्याच्याकडे ॲक्च्युअल्स, खरा झालेला खर्च," पराग म्हणाला. "पुढच्या ट्रिपला पंचवीस देऊ. तीन डॉलर एक्स्ट्राच झाले."

पुढच्या ट्रिपला देवधर काका जाणार होते, पाच आठवड्यांसाठी. अठ्ठावन्न वर्षांचे, डेटाबेसचं काम बघणारे, ऑफिसात सगळ्यांचेच काका. त्यांना जेवणाआधी इन्सुलिन घ्यावं लागतं. इंजेक्शन झाल्यावर जेवण वेळेवर आणि पोटभर झालं नाही, तर साखर एकदम खाली जाते. स्वयंपाकाशी त्यांचा संबंध डबा उघडण्यापुरता.

मी त्यांच्या डेस्कपाशी गेले. "काका, पंचवीसमध्ये जमेल?"

"जमवू की. श्रीकांतने नाही का जमवलं? शिवाय या वयात भूकही कमीच असते."

मला भीतीच वाटली. काका मागणारे नव्हते. ते दोन घास कमी खाणार आणि परत आल्यावर सगळं छान होतं म्हणणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

त्या दुपारी श्रीकांतला कॅफेटेरियात गाठलं आणि त्याचीच शीट त्याच्यासमोर उघडली.

"नाश्ता शून्य?"

"हॉटेलमध्ये फ्री होता, ताई."

"आणि लंच चार डॉलर?"

त्याने आजूबाजूला पाहिलं. "ब्रेकफास्टच्या टेबलावरून ब्रेड आणि केळी उचलायचो. चार डॉलर दह्याचे. बाकी सगळा खर्च टॅक्सी, कॉफी आणि लॉन्ड्रीचा."

"डिनर?"

"राइस कुकर नेला होता. कधी खिचडी, कधी रेडी-टू-ईट पाकिटं. ती इथल्या ग्रोसरीतून नेली होती, नव्वद डॉलरची."

"मग ती शीटमध्ये कुठे आहेत?"

"ती इथे घेतली ना. उरुग्वेचा खर्च कसा धरणार?"

"शनिवार-रविवारी काय करायचास?"

"क्लायंटचा मॅनेजर घरी बोलवायचा जेवायला."

"वजन किती उतरलं?"

"चार किलो," तो म्हणाला. आवाजात अजून थोडी ऐट होती.

"देवधर काका सोमवारी निघतायत. तुझ्या शीटवरून त्यांना पंचवीस डॉलर मंजूर झालेत."

त्याने चमचा खाली ठेवला. "पण काका तर इन्सुलिनवर... ताई, मी ती गंमत म्हणून टाकली होती."

"परागला हे सांगशील?"

तो लगेच हो म्हणाला नाही. पुढच्या आठवड्यात त्याचं अप्रेझल होतं आणि त्याच शीटवर खूश होऊन परागने त्याला 'कॉस्ट-कॉन्शस' म्हटलं होतं. मी फार ताणलं नाही. राग आला होता, पण जास्त स्वतःचाच. त्या पंचवीस अंगठ्यांत एक माझा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी परागने मला केबिनमध्ये बोलावलं. श्रीकांत आधीच बसला होता. शीटमध्ये लाल रंगाच्या नव्या ओळी होत्या: पाकिटं, उचललेला ब्रेड, मॅनेजरच्या घरची जेवणं, प्रत्येकीपुढे तिथल्या भावाने किंमत. सरासरी एकसष्ट. सगळ्यात खाली एक ओळ: वजन, वजा चार किलो.

परागने त्या ओळीवर बोट ठेवलं. "माझा पहिला टीव्ही असाच आला होता," तो म्हणाला. मग बॉससारखा म्हणाला, "ठीक आहे, पासष्टपर्यंत. पण यापुढे फ्लॅट रक्कम नाही. सगळ्यांनी बिलं आणायची, तेवढंच मिळेल."

म्हणजे काकांचं जेवण वाचलं आणि ऑफिसातल्या सगळ्यांचे सोफे-टीव्ही बंद झाले. पुढचे दोन आठवडे माझ्याशी आणि श्रीकांतशी कुणी धड बोललं नाही. अप्रेझलमधून 'कॉस्ट-कॉन्शस'ही गेलं.

तरीही श्रीकांतने काकांच्या बॅगेत आपला कुकर कोंबलाच.

पाच आठवड्यांनी काका माझ्या डेस्कपाशी आले. झिपलॉकच्या पिशवीत तारखेनुसार लावलेली बिलं होती. त्यांवरच्या वेळा दुपारी एक आणि संध्याकाळी साडेसात, एकही दिवस चुकलेला नाही. दुसऱ्या हातात कुकर.

"हा श्रीकांतला दे. उघडलासुद्धा नाही," ते म्हणाले. "साखर एकदाही घसरली नाही, बरं का."

मी बेरीज केली. सरासरी अडुसष्ट आली. उरुग्वेत लोक रात्री नऊनंतर जेवतात. साडेसातला ताट वाढणारं ठिकाण म्हणजे काकांच्या हॉटेलचंच रेस्टॉरंट, आणि ते महाग. हे मला माहीत नव्हतं. अंदाज माझाही चुकला होता.

रोजच्या वरच्या तीन डॉलरसाठी परागची वेगळी सही लागणार होती. मी फॉर्म पुढे केला. त्याने सही केली.

हल्ली कुणी स्वस्तात केलेल्या ट्रिपची शीट दाखवायला आलं, की मी आकडे नंतर बघते. आधी वजन विचारते.