वहिनीने प्रायव्हेट बंद केलं

आमच्या समोरच्या बिऱ्हाडातली चष्मेवाली चाळिशी ओलांडलेली, बिनलग्नाची, भाऊ-भावजयीकडे राहणारी. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती काचा घासते आणि फ्रेममध्ये बसवते. काच सैल झाली तर निखळते, घट्ट झाली तर कडेला तडकते. तिच्या हातची ना निखळते ना तडकते. घरी दोन्ही वेळचा स्वयंपाक तिचाच, आणि वहिनीची आई अंथरुणाला खिळलेली, तिचं सगळं करणंही हिच्याचकडे. वहिनी चारचौघांत म्हणते, "आमच्या वन्सं म्हणजे सोनं." सोनं कुणी घराबाहेर जाऊ देत नाही.

हिला मात्र बाहेर पडायचं होतं. दुकानाजवळ एक खोली आणि स्वतःचं कुलूप, एवढंच. फोनवर ती खोल्या शोधायची, तेही प्रायव्हेट करून, म्हणजे काय शोधलं ते मागे उरत नाही. स्वतःचा जुना फोन हिला देताना ही युक्ती वहिनीनेच शिकवली होती.

एका रविवारी वहिनी म्हणाली, "वन्सं, फोन फार अडतोय ना तुमचा? आणा, साफ करून देते."

फोन परत आला तेव्हापासून प्रायव्हेटचं बटण दिसेना. आपलंच बोट कुठेतरी भलतीकडे पडलं असेल, असं समजून ही तशीच शोधत राहिली. खोली मिळाली. घरमालकिणीने पहिल्या तारखेला या म्हणून सांगितलं आणि आठवड्याच्या आत तिचाच फोन आला.

"तुमच्या वहिनी बोलल्या माझ्याशी. तुम्हाला फिट्स येतात म्हणे. मी तुमच्या भावालाही विचारलं, ते पण हो म्हणाले. मी एकटी बाई, मला नाही झेपायचं."

हिला आयुष्यात कधी फिट आलेली नाही.

दुकानात काउंटरवरच्या माणसाने फोन उलटसुलट करून पाहिला. "ताई, हे मुद्दाम बंद केलंय. पासकोड ज्याने लावला त्याच्याकडे. तुम्ही जे बघाल ते सगळं आत राहतं, आणि पुसायचं बटण बघा, फिकट झालंय. लहान मुलांच्या फोनला करतात असं. घरात लहान कोण?"

"मीच," ती म्हणाली.

घरी येऊन तिने रोजच्यासारखा कुकर लावला. म्हातारीचं अंग पुसायला जाताना फोन फडताळावर राहतो, तेवढ्यात वहिनी वाचते, हे तिच्या लक्षात आलं. त्या संध्याकाळी तिने फोनवर, जिथे खोल्या शोधायची तिथेच, लिहिलं, 'भाऊ दुसऱ्या बाईकडे जातो हे वहिनीला सांगावे का?' मग फोन फडताळावर ठेवला आणि पाण्याचं भांडं घेऊन आत गेली.

भाऊ कुठेही जात नाही. ऑफिस सुटलं की घरी येतो आणि पाय वर घेऊन बातम्या बघतो.

दोन दिवसांनी तिने लिहिलं, 'ती बाई वहिनीच्या ओळखीची असेल तर?' वहिनीचं मैत्रिणींशी बोलणं बंद झालं. ती नवऱ्याचे शर्ट हुंगू लागली. एकदा पोळी लाटणाऱ्या हिच्या मागे येऊन उभी राहिली.

"वन्सं, तुम्हाला मला काही सांगायचंय का?"

"नाही बाई. मीठ संपलंय, तेवढंच."

गेल्या आठवड्यात भाऊ दुकानात आला. चष्म्याची काडी मोडलेली, नाकाजवळ ओरखडा.

"पडला," तो म्हणाला. मग हळूच, "ती विचारते, कोण आहे ती? तू सांग ना तिला, तुझ्यावर विश्वास आहे तिचा."

"तुम्हा नवरा-बायकोत मी कशाला पडू, दादा?" तिने नवी काडी लावली, स्क्रू पिळला, काचा पुसून चष्मा त्याच्या नाकावर ठेवला. "आता नीट दिसतंय?"

त्याच संध्याकाळी वहिनी तिच्यापुढे रडली. "मी त्या घरमालकिणीशी बोलते, खोटं बोलले म्हणून सांगते. तुम्ही जा तिकडे. फोन आणा, ते प्रायव्हेटही चालू करते. फक्त नाव सांगा."

"कुणाचं नाव, वहिनी? आणि प्रायव्हेट कशाला? माझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय?"

हे सगळं माझ्या चष्म्याच्या काचा बदलताना तिनेच मला सांगितलं. मी म्हटलं, "अगं, खोली अजून रिकामी आहे. जा की आता."

"जाईन," ती म्हणाली आणि काच उजेडाकडे धरून कड तपासू लागली. "घाई काय आहे?"

रोज संध्याकाळी ती फोनवर एक ओळ लिहिते. काय लिहायचं ते दुपारी काचा घासताना ठरवते.