पानाला शिवलेला रॅकून

प्लेनो शहरात असेपर्यंत यतीन साठेनं घरातली पालसुद्धा स्वतः हाकलली नव्हती. पण कंपनीनं घरूनच काम करा म्हटलं, त्यानं टेनेसीच्या डोंगरात घर घेतलं आणि तिथल्या हवेनं त्याच्या अंगात पुरुषार्थ संचारला.

शेजारचा डॅरेल कुत्री घेऊन रॅकूनच्या शिकारीला जायचा. रात्री कुत्री सोडायची, त्यांनी वासावर जाऊन रॅकूनला झाडावर चढवायचं आणि बुंध्याशी उभं राहून भुंकायचं. माणसांनी अंधारात दगडधोंड्यांवर आपटत त्या आवाजामागे धावायचं. यतीननंही लांब कानांचा एक कुत्रा घेतला. तो आलाप घेतल्यासारखा भुंके म्हणून त्याचं नाव बुवा. मराठी मंडळाच्या गणपतीत यतीन आता 'आम्ही शिकारी लोक' अशी सुरुवात करू लागला. गोळी मात्र त्यानं आजवर एकही झाडली नव्हती. "स्वतःचा रॅकून पाडलास की तू आमच्यातला," असं डॅरेलनं सांगून ठेवलं होतं आणि यतीनला त्यांच्यातला व्हायचं होतं.

त्यात भाद्रपद आला. यतीनचे बाबा आदल्या वर्षी नागपूरला वारले. व्हिसाचं काहीतरी अडकलं म्हणून यतीननं अंत्यविधी फोनच्या पडद्यावर पाहिले. मुलानं परत यावं एवढीच बाबांची इच्छा होती आणि यतीन दर फोनवर "पुढच्या वर्षी नक्की" म्हणत आला होता. घाटावर पिंडाला कावळा शिवेना. शेवटी दर्भाचा कावळा करून भागवलं. ते यतीनच्या मनाला लागलं होतं.

पितृपक्षात त्याच्या बायकोनं, शरयूनं, डेकवर पान वाढून ठेवलं. खीर, वडे, आमसुलाची चटणी, गवारीची भाजी. इथले कावळे बहुधा ख्रिश्चन असावेत; ते कठड्यावर बसले, वड्यांकडे संशयानं पाहिलं आणि उडून गेले. तिन्हीसांजेला रॅकून आला. डोळ्यांवर काळी पट्टी, मांजरापेक्षा जरा थोराड. त्यानं आधी पाण्याच्या भांड्यात हात बुडवले, मग वडा उचलला, तोही बुडवून खाल्ला. खीर चाटून पुसून संपवली. गवारीला शिवला नाही.

शरयूचा हात तोंडावर गेला. "अरे, बाबाच!"

"कम ऑन यार, शरयू. रॅकून आहे तो."

"मग गवार का टाकली?"

बाबांनी जन्मात गवार खाल्ली नव्हती.

त्या शनिवारी शिकार ठरलेलीच होती. कॅन्सल करायला यतीनला सबब सुचेना. बुवानं ओढ्यापलीकडे वास धरला आणि कड्याखालच्या ओकच्या झाडापाशी जाऊन जो सूर लावला तो सोडला नाही. यतीन शेवाळावरून दोनदा घसरत, गुडघा फोडून घेत पोचला. डॅरेलनं वर दिवा मारला. फांदीवर रॅकून बसला होता, हातावर हात चोळत.

"घे," डॅरेलनं बंदूक पुढे केली. "आज तुझा दिवस."

यतीननं नेम धरला. सगळे रॅकून सारखेच दिसतात, हे त्याला कळत होतं. पण पितरांच्या बाबतीत धोका कोण पत्करणार? त्यानं बंदूक खाली केली.

"काय झालं?"

"डॅरेल, ते... माझे वडील असू शकतात."

डॅरेल दर रविवारी चर्चला जाणारा माणूस. तो हसला नाही. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. "मग बोल त्यांच्याशी. कुत्र्याला मी धरतो."

यतीननं हात जोडले. घाटावर माणसं कावळ्याला सांगतात तसं मोठ्यानं म्हणाला, "बाबा, पुढच्या वर्षी नक्की येतो."

रॅकून एक फांदी वर चढला.

"खरंच. तिकिटं बघतोय."

तो आणखी एक फांदी वर गेला. बुवाला पितरांचं काही सोयरसुतक नव्हतं. तो गळ्यातल्या पट्ट्याला हिसके देत भुंकतच होता.

"नाही येणार, बाबा," तो म्हणाला. "मला इथंच राहायचंय. कधीच यायचं नव्हतं."

बाबा जिवंत असताना एवढं बोलायची त्याची छाती झाली नव्हती. रॅकून तिथंच थांबला आणि दिव्याच्या उजेडात त्याच्याकडे पाहत राहिला. यतीन ओकच्या बुंध्याला कपाळ टेकून हमसून हमसून रडला.