फोटोतून कापलेली मैत्रीण

जवळ ये गं पोरी, कागदावरूनच का होईना, जरा जवळ ये. आधी थोडं रागावते, मग बोलते. दर रविवारी तू मला चाळीस-चाळीस फोटो पाठवतेस आणि खाली लिहितेस, मावशी, सुधारायचं कसं ते सांग. त्या चाळिसांत एक पक्षी धड बसलेला नाही. सगळे शेपटीकडून, उडून चाललेले. म्हणजे तू दबकत गेलीस, ते उडाले आणि मग तू बटण दाबलंस. उगाच कॅमेऱ्याला नावं ठेवू नकोस. माझंही अगदी असंच होत होतं.

मी कॅमेरा हातात घेतला तेव्हा साठीला टेकले होते. इथल्या फोटो स्टुडिओवाल्यानं लग्नांची कामं सोडली, तेव्हा त्याचा जुना कॅमेरा आणि लांब भिंग मी घेतलं. शिकवणारं कोणी नव्हतं. मोबाईलवर व्हिडिओ बघायचे, वहीत लिहून काढायचे आणि सकाळी तलावावर जायचं. आपलं चंद्रपूर म्हटलं की लोकांना वाघ आठवतो. मला वाघाचं वेड कधी लागलं नाही, सफारीच्या गाडीत माझी कंबर धरते. गावामागं तलाव, पलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, त्यापलीकडे जंगल. मला तेवढं पुरे होतं.

पहिला हिवाळा मी पार वाया घालवला. हिरवं ठिपक्यांचं जाकीट काय, टोपी काय, वाकून वाकून चालणं काय! मी तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, पाय ठेवला की बगळे उठायचे. आणि तिथंच, वीस पावलांवर, मांडीभर पाण्यात एक बाई जाळं ओढत असायची. ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या घरची, माझ्याच वयाची. तिच्या भोवती पक्षी असे फिरायचे जसे अंगणात कोंबड्या. मला तिचा राग यायचा, खोटं कशाला सांगू.

एक दिवस तिनंच हाक मारली. म्हणाली, “बाई, तुमी वाघावानी काऊन येऊन राह्यल्या? दबकता, थांबता, पुन्हा दबकता. पाखराले वाटते, हे आता खाते आपल्याले. कामाले आल्यावानी या ना.”

माझ्या वहीत लिहिलेल्या सगळ्या युक्त्यांपेक्षा हे एक वाक्य मोठं होतं. तिनं मला कामच दिलं. तिच्या जाळ्यातून निघालेला पाला-गाळ ती काठावर ओतायची, त्यातले झिंगे मी निवडायचे. जाकीट घरी ठेवलं, जुनं मळकट लुगडं नेसले, कॅमेरा मांडीवर पदराखाली ठेवला. चारपाच दिवसांत पक्ष्यांनी माझी दखल घेणं सोडलं. मी जमिनीवर बसलेली, त्यामुळे भिंग आपोआप त्यांच्या डोळ्याच्या उंचीला आलं. तुझे फोटो वरून काढलेले असतात ना, म्हणून ते खेळण्यासारखे दिसतात. खाली बस. ती उन्हाकडे पाठ करून काम करायची, मीही तशीच बसले, आणि पक्ष्यांच्या डोळ्यांत उजेड आला. हात भरलेले असल्यामुळे घाई गेली. मान वर करून पक्षी काय करतो ते बघायचं, पुन्हा झिंगे निवडायचे. तो चोच कधी उचलतो, कधी पंख झटकतो, हे मला आधीच कळायला लागलं. माझे फोटो सुधारले ते असे, आणि सुधारले ते तिच्यामुळे.

जाळ्यात आलेल्या गोगलगाई ती बाजूला टाकायची. ते मुग्धबलाकांना ठाऊक होतं. मुग्धबलाक म्हणजे तो मोठा करकोचा, ज्याची चोच मिटली तरी मधे फट राहते. ती त्यांना शिव्या द्यायची, लाडानं. फुकटे म्हणायची. आम्ही तीन हिवाळे अशा बसलो. सुनांच्या, गुडघ्यांच्या, माशांच्या, कशाकशाच्या गोष्टी केल्या. नवरा गेल्यावर मी इतकं कुणाशी बोलले नव्हते.

आणि तिसऱ्या हिवाळ्यात तो फोटो मिळाला. ती वाकून जाळं झटकते आहे, तिच्यापासून दोन हातांवर मुग्धबलाक वाकून गोगलगाय उचलतो आहे, जाळ्यातून उडालेलं पाणी दोघांच्या मधे. मी तिला पडद्यावर दाखवला. तिनं पदराला हात पुसले आणि बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, हे मीच का? तिचा एकच फोटो होता, आधार कार्डावरचा, आणि तो तिला मेलेल्या बाईसारखा वाटायचा. त्या आठवड्यात बाजारात मासे विकता विकता तिनं गिऱ्हाइकांना सांगितलं, आपला फोटो मोठा होऊन लागणार आहे म्हणून.

लागणार होताच. तालुक्याच्या शाळेत वन्यजीवांच्या फोटोंचं प्रदर्शन होतं आणि मी तोच द्यायचं ठरवलं होतं. पण वहीत मी कुठल्यातरी व्हिडिओतून एक ओळ उतरवली होती, दोनदा अधोरेखित केलेली: मागचं सगळं साफ हवं, माणसाची खूण दिसू नये. स्टुडिओवाल्यानं कॉम्प्युटरवर फोटो उघडला आणि म्हणाला, ताई, या बाईंना ठेवू ना, छान दिसतात. मी नको म्हटलं. नुसता पक्षी ठेवा म्हटलं. त्यानं छाटला, छापला, फ्रेम केला. मी घरी येऊन सवयीप्रमाणे कॅमेऱ्यातलं कार्ड पुसून रिकामं केलं. तिला सांगायला हवं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मला तो सुधारलेला फोटो वाटत होता.

प्रदर्शनाला ती दोन जावांना घेऊन आली. बाजाराचा दिवस सोडून, ऑटोनं, डोक्याला तेल लावून, लग्नातलं लुगडं नेसून. मी लगबगीनं तिला फ्रेमसमोर नेलं. मला दुसरं बक्षीस मिळालं होतं आणि ते तिला दाखवायचं होतं. ती काचेच्या अगदी जवळ गेली. एका बाजूनं बघितलं, मग दुसऱ्या बाजूनं.

धाकटी जाऊ म्हणाली, “कुठी हायेस वं तू? पाखराच्या पोटात?”

दोघी हसल्या. तीही हसली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, मी काय केलं ते.

बाहेर पायऱ्यांवर तिनं मला विचारलं, “मले काऊन कापलं, बाई?”

सांगण्यासारखं खूप होतं. माझी चूक झाली, एवढंच म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी म्हटलं, तसा नियम असतो.

“असंन तुमचा नियम,” ती म्हणाली. “पाखरू बेस आलं.” आणि जावांमागून ऑटोत बसली.

घरी जाऊन मी सगळी कार्डं धुंडाळली, मग स्टुडिओवाल्याचा कॉम्प्युटर. त्याच्याकडेही छाटलेलाच होता. आणि जुन्या फोटोंत बघते तर काय, तीन वर्षांत जिथं जिथं ती मधे आली होती, तो तो फोटो बिघडला म्हणून मी त्याच संध्याकाळी पुसला होता. एकात तिचं कोपर राहिलं आहे. बास.

ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. अजून मी मासे घेते तेव्हा एखादा वर टाकते, गुडघ्याची चौकशी करते. पण जाळं तिनं तलावाच्या पलीकडच्या अंगाला नेलं आणि मला हाक मारली नाही. मी एकटी पाळीवर बसते, तर पक्षी लांब उतरतात. मी एकदा तिच्या घरी गेले, चूक कबूल केली, नवा फोटो काढते म्हटलं. ती खुर्चीवर बसली, डोक्यावर पदर घेतला, ताठ झाली. मी कॅमेरा उचलला तशी उठली. म्हणाली, असा नाई, तवा मी कामात होती. पुन्हा तलावावर प्रयत्न केला, तर माझ्या हातात कॅमेरा दिसला की तिचे हात थांबतात. पक्ष्यांना माझी सवय लावून देणारी तीच, आणि आता तिलाच माझी भीती वाटते.

यंदा तिची बोटं सुजतात. हा शेवटचा हिवाळा म्हणते, मग सिरोंच्याकडे लेकीजवळ जाणार. परवा बाजारात मी धीर करून विचारलं, माझी भाची आली, तिनं काढला तर चालेल का? तिनं तराजू खाली ठेवला आणि म्हणाली, “येऊ द्या. पण तुमी तिच्या मागं उभ्या राहून शिकवू नोका.”

नाही शिकवणार. मी घरीच थांबेन, भाजी निवडत. तू मळकट कपडे घालून जा, तिचे झिंगे निवड, दोनतीन सकाळी कॅमेरा काढूच नकोस. आणि जे दिसेल ते सगळं राहू दे, तिचं जाळं, तिचं लुगडं, फाटकं टोपलं, सगळं. पण परीक्षा, सुट्ट्या असं काही सांगत बसू नकोस गं. संक्रांतीनंतर पाणी उतरतं आणि ती निघते. त्याआधी ये, शक्य असेल तर याच आठवड्यात ये.