ज्याचं दुखणं त्याला आधी

आक्का गेल्याची तार मला ऑफिसात मिळाली. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं, "अचानक?" मी म्हणालो, "हो, अगदी अचानक," आणि रजेचा अर्ज लिहायला घेतला. आक्का जाणार हे मला चार महिन्यांपासून ठाऊक होतं. खोटं बोलण्याचा असा हात बसला होता, की आता गरज नसतानाही तोंडातून तेच आलं...

आक्का माझी थोरली बहीण, जामखेडला दिलेली. सात वर्षांपूर्वी तिच्या छातीत गाठ निघाली. मी शिकलेला भाऊ, म्हणून मुंबईच्या दवाखान्यात सोबत मी. आमच्याकडे कॅन्सर हा शब्द घरात काढत नाहीत, 'तो रोग' म्हणतात. मी तोही काढला नाही. साधी गाठ आहे, म्हणालो. ऑपरेशनात एक बाजू काढली, आणि खरं काय ते तिला शेजारच्या खाटेवरच्या बाईकडून कळलं. "सगळ्या वार्डाला ठावं, माझ्या बाळूलाबी ठावं. जिचं दुखणं तिलाच तेवढं न्हाई," एवढंच ती म्हणाली. बाळू म्हणजे मी. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी तिला केळी आणून दिली. माझी अक्कल तेवढीच.

बरी झाल्यावर तिनं हेच काम धरलं, जिचं दुखणं तिला खरं सांगायचं. तपासणीला नगरला आली की माझ्याकडे उतरायची आणि दिवसभर दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात जाऊन बसायची. कुणी बोलावलं नव्हतं. पुढे डॉक्टरच निरोप धाडू लागले. दुष्काळाच्या साली ती खडी फोडायच्या कामांवरही जायची. एखादी बाई गाठ लपवते अशी कुणकुण लागली, की तिला आडोशाला नेऊन, चोळी सोडून आपली जागा दाखवायची. "बघ. एवढंच जातं. बाकीची मी हाय न्हवं तुज्याम्होरं?" हे मला माझ्या बायकोनं सांगितलं, ती एकदा बरोबर गेली होती.

ऑपरेशन झालेल्या बायकांसाठी आक्का चोळीच्या रिकाम्या बाजूला ठेवायला छोट्या पिशव्या शिवायची. कापूस हलका पडतो, चोळी वर सरकते, म्हणून आत बाजरी भरायची. मला काय माहीत? टोपलीभर पिशव्या पाहून मी उपदेश केला, "आक्का, लोकांना भाकरीला बाजरी नाही आणि तू शिवून ठेवतेस?"

"खायची न्हाई ती. अंगावर घालायची हाय."

तरी मला उमजेना. शेवटी बायकोनं स्वयंपाकघरात नेऊन समजावलं. पुढे दोन दिवस मी मान वर करून जेवलो नाही.

मग तिची पाठ दुखू लागली. डॉक्टरांनी फोटो पाहिला आणि मला बाहेर बोलावलं. मला, तिला नाही. रोग हाडात उतरला होता. दाजींनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, व्हरांड्यात माझा हात धरला. "पाव्हणं, तिला कळलं तर आजच मरंल ती." मी आत जाऊन सांगितलं, "संधिवात आहे, आक्का."

"व्हय? लई भारी औषध दिलंय मग संधिवाताला."

शेवटचा भेटलो तेव्हा तिला उठवत नव्हतं. दाजी पाणी आणायला गेले, तसं तिनं हात धरून मला खाटेवर बसवून घेतलं. "बाळू, मला काय झालंय ते मला ठावं हाय. पर तू बोललास तर मला बोलता यील. एकटीनं किती दिस गप ऱ्हाऊ?"

मी तिचं पांघरूण नीट केलं. म्हणालो, "काहीतरीच तुझं. थंडी सरली की संधिवात उतरतो."

तिनं माझा हात सोडला. "बरं," म्हणाली. "च्या घिऊन जा..."

परक्या बायकांना जिनं कधी एकटं ठेवलं नाही, तिला आम्ही सख्ख्यांनी ठेवलं.

परवा पारनेरकडचं एक जोडपं आक्काचा पत्ता विचारत आमच्या दारात आलं. आक्का गेली म्हटल्यावर ती बाई ओट्यावर बसूनच राहिली. नवऱ्यानं मला बाजूला घेतलं. हातात डॉक्टरची चिठ्ठी होती. "काका, हिला काय बोलू नका. साधी गाठ हाय म्हनलोय."

आवाज माझाच होता.

"जे बोलायचं ते त्यांच्यासमोर बोलू," मी म्हणालो आणि जाऊन त्या बाईशेजारी बसलो. ती माझ्याकडे पाहत राहिली. आक्का पहिलं वाक्य कुठलं बोलायची, हे मी इतक्या वर्षांत तिला कधी विचारलंच नव्हतं...