आज असईत शिंदे जिंकले

मंडळी, आपल्या भोकरदनजवळची असईची लढाई खरी तर इंग्रजांनी जिंकली होती. आज दुपारी माझ्या टेबलावर ती शिंद्यांनी जिंकली!

टेबलावर रंगवलेली असईची खेळणा नदी, मातीचे इवले सैनिक आणि फासे. पूर्वी इंग्रजांकडून माझा दोस्त सुनील खेळायचा. तो नोकरीसाठी पुण्याला गेला, तवापासून दोन्ही बाजूंनी मीच खेळून राह्यलो.

शिंदे पहिल्यांदाच जिंकले, तसा मी आनंदानं ओरडलो. घरात ऐकायला कोणीच न्हाई. मंग सुनीलला फोन लावला.

"सुन्या, शिंदे जिंकले!"

"कोण शिंदे? मीटिंगमध्ये आहे रे, नंतर बोलू."

"बराबर, बराबर," म्हणून मी फोन ठेवला. मंग सारे सैनिक पुन्हा नदीकाठी मांडले.

तुमच्यापैकी कोणी येता का भोकरदनला खेळायला? शिंदे तुम्ही घ्या. इंग्रज मी घेतो.