तोंड इकडे कर नं, बाई

"तोंड इकडे कर नं, बाई!" असं म्हणत ती सरळ समोरच्या बाईची हनुवटी धरायची आणि तिचं तोंड आपल्याकडे वळवायची. मग ती भाजीवाली असो, सोनारीण असो, नाहीतर हळदीकुंकवाला आलेली एखाद्या साहेबाची बायको. नव्या माणसाला वाटायचं, काय आगाऊ बाई आहे! आम्हाला कारण माहीत होतं. तिला ऐकू येत नव्हतं. समोरच्याचे ओठ बघून ती बोलणं ओळखायची.

लग्न होऊन तापीकाठच्या आमच्या गावात, शनवाऱ्यात आली तेव्हा कान चांगले ठणठणीत होते. पुढे विषमज्वर झाला, महिनाभर अंथरुणाला खिळली, उठली ती कानात भुंगा घेऊन. मग भुंगाही गेला. हे तिनं फक्त आम्हा तिघींना सांगितलं. मला, शेजारच्या शांताला आणि समोरच्या कमलला. वर गळ्याची शपथ घातली, "माझ्या घरी कळलं तर मेले मी." आणि ते खरंच होतं. मूल नव्हतं. नवऱ्याची आत्या त्याच्या दुसऱ्या लग्नासाठी उठल्यासुटल्या कुणाकुणाच्या मुलींची नावं काढायची. त्यात बहिरी म्हटल्यावर हिला खकनारला भावाच्या दारात नेऊन सोडायला कितीसा वेळ लागणार? भाऊ तरी कुठे आरती घेऊन उभा होता!

शांताकडे रेडिओ होता, आमच्या गल्लीतला पहिला. दुपारची जेवणं झाली की आम्ही तिच्या ओसरीवर वाती वळायला बसायचो. वाती हे आपलं निमित्त. प्रत्येकीनं एक गाणं आणायचं हा खरा नेम. "आज काय आणलंस?" म्हणजे कोणतं गाणं आणलंस. शांता रेडिओवरचं आणायची, मी कोपऱ्यावरच्या हॉटेलात रेकॉर्ड लागायची त्यातलं. कमलच्या सासरची केळीची बाग होती जसोंडीला, ती तिथल्या मजूर बायांकडून उचलून आणायची. आणि मग हिची पाळी. तुम्ही म्हणाल, बहिरीची कसली आलीय पाळी? अहो, तिची पाळी संपायची नाही!

कालची आमचीच गाणी ती आज परत आणायची. शब्द आमच्या ओठांवरून घेतलेले, अगदी चोख. पण चाल कुठून आणणार? लहानपणी ऐकलेली एकच चाल तिच्या हाडीमासी होती, ती भुलाबाईची. भाद्रपदाच्या पुनवेपासून पोरी टाळ्या देत म्हणतात ती गाणी. मग काय विचारता! सिनेमातली नायिका विरहानं मरायला टेकलेली, आणि ही ते गाणं टाळ्या देत, डोलत, ठसक्यात म्हणतेय. आम्ही हसून हसून लोळायचो. ती विचारायची, "चाल अशीच आहे नं?"

"बिलकुल नाही," शांता तोंड तिच्यासमोर नेऊन सांगायची. "पण तुझीच बरी आहे. मूळची रडकी आहे गं."

"मग राहू दे माझीच," ती म्हणायची.

तिला सगळ्यांचं बोलणं कळायचं. एकाचं सोडून. नवऱ्याचं. कचेरीत कारकून होता तो, आणि त्याची मिशी ही अशी! वरचा ओठ तर दिसायचाच नाही, खालचाही अर्धा झाकलेला. "त्या मिशीच्या आड काय चालतं ते देवाला ठाऊक," ती म्हणायची. "लग्नात गोड बोलले होते. तेवढं ऐकलंय. बाकी सगळं मिशीत गेलं." सांगताना स्वतःच हसायची. मला मात्र हसू यायचं नाही.

मग घरात भागायचं कसं? सांगते. तिची सासू होती. काकू म्हणायचो आम्ही तोंडावर, मागे म्हणायचो भोंगा. मिलचा भोंगा एकदा वाजून गप्प तरी होतो, ही बाई पहाटेपासून ओरडायची. "अगं ए, त्याले पाणी दे! अगं, तो जेवाले बसला! अगं, तो म्हणते भाजीत मीठ नाही!" मुलगा एक शब्द पुटपुटला की ही तो चौकात उभी राहून गल्लीला ऐकवायची. आम्ही दात-ओठ खायचो. म्हणायचो, काय कैदाशीण आहे, त्या गरीब गाईला क्षणभर सुख नाही.

आणि मग ते राज्य बदललं. नागपूर आमची राजधानी होती, ती भोपाळ झाली. वऱ्हाड मुंबईकडे गेलं आणि आम्ही राहिलो इकडे. पेपरात मोठी मोठी भाषणं यायची. आमच्या गल्लीत त्या भाषणांचा अर्थ एवढाच निघाला, की हिच्या नवऱ्याची बदली भोपाळला झाली. क्वार्टर मिळालं, महिन्याच्या आत हजर व्हायचं.

ती ओसरीवर आली ती वाती न घेताच. "तिथं सगळे हिंदी बोलणार," म्हणाली. "मी तुमचे तोंडं वाचते ते शिकून शिकून वाचते. नव्या माणसाचं काही कळत नाही मला. आणि घरात नुसती ती मिशी."

त्याच संध्याकाळी काकू माझ्या दारात उभी. मला वाटलं, आता हिचा पट्टा सुरू होणार. ती आत आली, दार लोटलं आणि इतक्या हळू बोलली, की मलाच पुढे वाकावं लागलं.

"मास्तरीणबाई, माझ्या सुनेले ऐकू येत नाही."

मी पाट पुढे सरकवला. ती बसली नाही.

"तुम्हाले माहीत आहे, ते मले माहीत आहे. ताप उतरला तेव्हाच समजलं मले. पोराले कळू नाही दिलं. तो बोलला की मीच ओरडून सांगते, तोंड मोठं करून. तिले वाटते, सासू खाष्ट आहे. वाटू दे. पण बाई, भोपाळले कोण ओरडीन?"

मी त्या बाईचे पायच धरले. दुसरं काही सुचलं नाही. दोघींनी एकमेकींपासून तीच गोष्ट लपवून ठेवली होती, आणि आम्ही शहाण्या तिला भोंगा म्हणत होतो!

त्या महिन्यात आम्ही काय काय केलं! काकूनं अंथरूण धरलं, म्हणाली, छातीत दुखते, सूनबाईला इथंच ठेव. मुलानं डॉक्टर आणला, मग आपल्या थोरल्या भावाला इथं बोलावून आईला त्याच्या हवाली केलं. "तिथं माझ्या जेवणाचं काय?" एवढंच त्याचं म्हणणं. आमचे मास्तर त्याला समजवायला गेले, तर आमच्या घरात लक्ष घालू नका म्हणून परत पाठवलं. इकडे दुपारी आम्ही तिला हिंदी शिकवायचो. शांता भाजीवाला व्हायची, कमल पोस्टमन. गाणीसुद्धा फक्त हिंदी आणायची, म्हणजे ओठ सवयीचे होतील. ती डोळे फाडून बघायची. चुकली की आपल्याच गालात मारून घ्यायची. "पुन्हा म्हण," म्हणायची. "पुन्हा म्हण." तिचे डोळे लाल व्हायचे, आमचे जबडे दुखायचे. गाण्याचा असा जीवघेणा अभ्यास मी जन्मात केला नाही, आणि करणार नाही.

निघायच्या दोन दिवस आधी तिनं नवऱ्याला म्हटलं, "एक मागू? मिशी काढा नं."

आमच्याकडे मिशी कधी उतरते, तुम्हाला सांगायला नको. तो असा भडकला! सगळ्या गल्लीनं ऐकलं. "आई जिवंत आहे माझी! कोणाला मारायला निघालीस?" ऐकलं नाही ते फक्त तिनं. तिला दिसलं एवढंच, की मिशी थरथरतेय. ती बिचारी उत्तराची वाट बघत उभी राहिली.

काकूला हे कळलं तेव्हा ती अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणाली, "तेवढ्यासाठी मरीन बी मी. पण आधी मरायले पाहिजे होतं, आता उशीर झाला."

ते भोपाळला गेले. ओसरीवर रेडिओ वाजायचा, पण "आज काय आणलंस" कुणी कुणाला विचारेना. वाती वळून आम्ही उठायचो.

माघात काकू गेली. खरंच छातीनं गेली. मुलगा आणि सून दुसऱ्या दिवशी गाडीनं आली. तिला बघितलं आणि मला भडभडून आलं. चेहरा पार उतरलेला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडाकडे बघणंच तिनं सोडलं होतं. आम्हाला पाहून मात्र मिठी मारली. सुतक होतं, रडारड होती, तरी शांतानं हळूच विचारलंच, भोपाळहून काही आणलंस का?

"काही नाही गं," ती म्हणाली. "कुणी दिलंच नाही."

मग कळलं ते असं. पहिल्याच आठवड्यात नवरा कचेरीतून परत आला, दार आतून बंद. तो कडी वाजवतोय, शेजारी जमलेत, कोणीतरी खिडकीतून पाहिलं तर ही पाठ करून पोळ्या लाटतेय. सगळं उघडं पडलं. डॉक्टरनं सांगितलं, इलाज नाही. त्यानंतर नवरा तिच्याशी पुष्कळ बोलला म्हणे. काय बोलला, ते तिला विचारू नका.

मुलानं तापीवर जाऊन केस काढले. मिशीही. परत आला तेव्हा मी अंगणातच होते. त्या उघड्या तोंडाचा तो माणूस मला ओळखू आला नाही. तीही बघत राहिली, टक लावून. किती वर्षांनी नवऱ्याचं तोंड दिसत होतं तिला! मला वेडीला वाटलं, आता तरी दोघांचं काही बरं होईल. काकूनं मरून का होईना, केलं पोरीचं काम.

दहाव्याच्या दिवशी ती ओसरीवर आली. दिवा लावायच्या आधीची वेळ होती. शांता, कमल, मी, तिघीही तिथं होतो. ती खांबाला टेकून बसली आणि म्हणाली, "तेरावं झालं की मी खकनारला चालले. भाऊ येणार आहे न्यायला. आत्यांनी मुलगी पाहून ठेवली आहे, चोपड्याची. कान चांगले आहेत तिचे."

"कोणी सांगितलं तुला?" मी ओरडलेच. आम्हाला कालच कुणकुण लागली होती, पण घरात तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. सगळं तिच्या पाठीमागे ठरत होतं.

"ह्यांनी," ती म्हणाली. "मला नाही, आत्यांना सांगत होते. अंगणाच्या त्या टोकाला. मी इकडे तांदूळ निवडत होते." आणि मग तिनं पदरानं डोळे पुसले. "सगळं कळलं गं मला. एक अक्षर सुटलं नाही. किती स्वच्छ बोलतात हे!"